चार चांगले दात

‘‘ओठ जड झाला का? सुजल्यासारखा वाटतोय?’’

जुई मान डोलावते. डॉक्टर मॅडम तिच्या खालच्या हिरडीत टोकदार अवजार टोचून बघतात. ‘‘टोचतंय, की नुसता दाब कळतोय?’’

‘‘दाब.’’

‘‘छान. आता टाळूतली सुई राहिली. ही दुखते, आधीच सांगते. पण लवकर होते.’’

वरच्या दाताला दोन्ही बाजूंनी भूल द्यावी लागते, गालाकडून आणि टाळूकडून. टाळूची त्वचा खालच्या हाडाला घट्ट चिकटलेली असते, औषधाला पसरायला जागा नसते, म्हणून तिथे कळ येते. मॅडम आरशाच्या दांड्यानं टाळू दाबून धरतात आणि दाब तसाच ठेवून शेजारी सुई घालतात. जुईच्या पायांची बोटं आत वळतात. डोळ्यातून पाण्याची एक धार कानाकडे ओघळते. मी खुर्चीच्या पायथ्याशी तिचा घोटा धरून उभी आहे. मॅडमनी मला थांबायची परवानगी दिली आहे, एवढंच सांगून की मध्ये बोलायचं नाही.

आम्ही मुंबईत, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातल्या सरकारी दंत महाविद्यालयात आहोत. ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर कुणीतरी आ करून पडलेलं, आणि सगळीकडे लवंगेच्या तेलाचा वास. शेजारी साठीतले एक काका किडलेली दाढ काढून घ्यायला आलेत. पलीकडे एका बाईंचा गाल सुजून पार डोळ्यापर्यंत गेलाय. या सगळ्यांत जुई एकटीच अशी आहे, जिचा दात दुखत नाही, हलत नाही, किडलेला नाही. ती तेवीस वर्षांची आहे. दात सरळ करायची तार लावायची म्हणून चार चांगले दात काढायचे ठरलेत. उजवीकडचे दोन मागेच निघाले, आज डावीकडचे.

फाइलमध्ये वरच तिचं संमतीपत्र आहे. सही ताजी आहे. तार बहुतेक वेळा बारा-तेरा वर्षांच्या मुलांना लावतात आणि तेव्हा सही आई-बाप करतात. मुलाला सोमवारी दवाखान्यात जायचंय एवढंच कळतं. इथे मात्र एका मोठ्या झालेल्या मुलीनं, सगळं वाचून, आपल्या अंगातली धडधाकट गोष्ट काढून टाकायला स्वतः हो म्हटलंय. मला तिच्या त्या सहीचं फार मोल वाटतं.

लहानपणी बार्शीला असताना तिचा वरचा सुळा हिरडीत उंचावर, बाहेरच्या अंगाला उगवला, तेव्हाच हे व्हायला हवं होतं. वरचा सुळा अकरा-बारा वर्षांच्या सुमारास येतो, त्याच्या दोन्ही बाजूंचे दात आधीच जागा धरून बसलेले असतात. जबडा लहान असेल तर त्याच्या वाट्याला जागाच उरत नाही. पण दातावर दात म्हणजे भाग्य, असं आमची आई, म्हणजे जुईची आजी, म्हणाली. पैसेही नव्हते. मग शाळेचे सगळे फोटो ओठ मिटून, आणि हसताना तोंडावर हात. आता ठाण्याला नोकरी लागली, माझ्याकडे डोंबिवलीला राहते, पगारातून पैसे बाजूला टाकते. तर ज्याला कळतं तो विचारतो, ‘‘लग्नाचं बघताय वाटतं?’’ हा प्रश्न मला टोचतो. सुळ्याच्या मागे अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही, तिथली हिरडी दाबली की रक्त येतं, हे एक कारण झालं. आणि तिला हात न लावता हसायचंय, हे दुसरं. दुसरंही पहिल्याइतकंच खरं आहे. त्यासाठी स्थळ सांगून यायची गरज नाही.

‘‘सुरू करते. आवाज येईल, दाब येईल. दुखलं तर डावा हात वर करा.’’

मॅडम स्वतः पंचवीस-सव्वीसच्या असतील. आधी एका चपट्या अवजारानं दाताभोवतीची हिरडी सोडवतात. मग पकड. दात ओढून काढतात असं मला आजवर वाटत होतं, पण इथे ओढणं जवळजवळ नाहीच. पकड दातावर खोल बसवून त्या दात गालाकडे झुकवतात, थांबतात, टाळूकडे झुकवतात, पुन्हा थांबतात. दाताच्या खोबणीचं हाड दर वेळी थोडं रुंदावतं. डाव्या हाताचं बोट आणि अंगठा हिरडीच्या दोन्ही अंगांना टेकलेले आहेत, हाड किती दबतंय ते बोटांना कळावं म्हणून. वरच्या पहिल्या उपदाढेला, म्हणजे सुळ्यामागच्या या दाताला, बहुधा दोन मुळं असतात, बारीक आणि लांब. घाई केली तर टोक आत मोडून राहतं. म्हणून त्या पिरगळत नाहीत. करकर असा एक आवाज मला पायथ्याशी ऐकू येतो. जुईच्या तर कवटीतच तो घुमत असणार. तिचे डोळे विस्फारतात, पण हात वर येत नाही.

‘‘झालं. बघा.’’

दात ट्रेमध्ये आहे. मी वाकून बघते. तोंडात दिसणारा पांढरा भाग अगदी छोटा, खाली त्याच्या दुपटीनं लांब पिवळसर मूळ, शेवटी दुभंगलेलं. दोन्ही टोकं शाबूत. मुळाला एका बाजूनं लालसर पातळ पापुद्रा चिकटलेला. कुठेही काळा ठिपका नाही. इतका नितळ दात बघून पोटात तुटतं.

खालचा पटकन येतो. त्याचं मूळ एकच आणि गोलसर, त्यामुळे तो थोडा फिरवताही येतो. खोबणीवर कापसाची घडी, ‘‘दाबून धरा, बोलायचं नाही, थुंकायचं नाही, लाळ गिळायची.’’ पकड धुवायला टाकून मॅडम जरा संकोचून विचारतात, ‘‘हे दात आम्ही ठेवले तर चालतील? तारेसाठी काढलेले दात आम्हाला सरावाला आणि अभ्यासाला फार लागतात. बाकीचे सगळे किडलेलेच येतात ना.’’ कपाटात एक बरणी आहे, द्रवात बुडवलेल्या दातांची. जुई बोटानं खालचा दाखवते, म्हणजे तो घ्या. वरचा गॉझमध्ये गुंडाळून खिशात टाकते.

बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसायचंय. शेजारचे काकाही कापूस चावत येऊन बसतात. त्यांच्यासोबतच्या मुलाला राहवत नाही. ‘‘वाकडा तो सुळा होता ना? मग तोच काढायचा. सरळ कशाला काढला?’’

हेच मी ऑर्थो विभागात, म्हणजे दात सरळ करण्याच्या विभागात, विचारलं होतं, म्हणून त्याला सांगू शकते. सुळ्याचं मूळ तोंडातल्या सगळ्या दातांत लांब असतं. दातांच्या कमानीचा कोपरा तोच धरतो, ओठाला आधारही तोच देतो. उपदाढा मात्र प्रत्येक बाजूला दोन-दोन असतात. त्यातली पुढची काढली की साधारण सात मिलिमीटर जागा मिळते, तीही सुळ्याच्या अगदी शेजारी. जुईच्या दातांचा प्लास्टरचा साचा बनवून, त्यावर पितळेची बारीक तार कमानीच्या आकारात वाकवून डॉक्टरांनी मोजलं होतं, दात किती रुंद आणि जागा किती. थोडीशीच कमी असती तर दातांच्या मधल्या कडा जराशा घासून भागलं असतं. तिची फारच कमी होती.

मुलगा मान हलवतो, पण त्याला पटलेलं दिसत नाही. त्यात त्याचं काही चुकत नाही. यावरून दंतवैद्यच एकमेकांशी भांडलेत. दात सरळ करण्याच्या शास्त्राचे जनक मानले जाणारे अमेरिकेतले एडवर्ड अँगल निरोगी दात काढण्याच्या ठाम विरोधात होते. निसर्गानं दिलेले सगळे दात राखूनच कमान नीट बसते, असं ते मानत. कॅल्विन केस यांनी 1911 साली त्यांच्या मताला जाहीर आव्हान दिलं, पण जोर अँगल यांच्याच बाजूला राहिला. 1930 साली अँगल गेले. त्यानंतर त्यांच्याच शिष्यानं, चार्ल्स ट्वीड यांनी, दात न काढता सरळ केलेले आपले रुग्ण पुन्हा तपासले. अनेकांचे दात पुढे आलेले, टिकाव न धरलेले. ट्वीड यांनी अशा रुग्णांच्या चार-चार उपदाढा काढून नव्यानं उपचार केले आणि 1940 साली ते सगळ्यांसमोर मांडलं. आजही हा वाद मिटला आहे असं नाही. म्हणून तर मोजमाप आधी. न मोजता कुणी दात काढा म्हणालं तर उठून यावं, असं मी कुणालाही सांगेन.

‘‘वरचा दात काढला की नजर जाते म्हणतात,’’ काका कापसाआडून बोलतात. बोलू नका म्हणून मुलगा त्यांना गप्प करतो. मी सांगते, दाताच्या नसा वेगळ्या आणि दृष्टीची नस वेगळी. ते माझ्याकडे अविश्वासानं बघतात. या एका भीतीपायी किती जण कुजलेल्या दाढा वर्षानुवर्षं तोंडात बाळगतात!

कागदावर सूचना मिळतात. चोवीस तास चूळ नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही. खोबणीत रक्ताची गुठळी धरते तीच जखमेचं झाकण. ती निसटली की हाड उघडं पडतं आणि मग खरी दुखण्याला सुरुवात. आइस्क्रीम चालेल. गार ताकभात चालेल.

खोबण्या भरत येतात, तशी ऑर्थो विभागाची तारीख येते.

इथे वातावरणच निराळं आहे. रक्त नाही, सुई नाही. गाल दोन्हीकडे ताणून धरणारी प्लास्टिकची चौकट जुईच्या तोंडात बसते आणि पहिल्यांदाच तिचे सगळे दात एकदम दिसतात. आजच्या डॉक्टर मॅडम दुसऱ्या आहेत, पदव्युत्तरच्या विद्यार्थिनी. दात पॉलिश करून त्या प्रत्येकावर निळ्या जेलचा ठिपका ठेवतात. हे फॉस्फरिक आम्ल, 37 टक्क्यांचं. अर्ध्या मिनिटाच्या आत धुऊन हवेनं सुकवल्यावर दाताची चकाकी तेवढ्या चौकोनात गेलेली असते आणि तिथे तो खडूसारखा पांढराफटक दिसतो. चिकटद्रव्य पकडायला तोच खरखरीतपणा लागतो. लाळेचा एक थेंब लागला तर पुन्हा पहिल्यापासून.

मग ब्रॅकेट. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा धातूचा तुकडा, मधोमध खाच. चिमट्यानं दातावर ठेवायचा, मोजपट्टी लावून उंची बघायची, किंचित फिरवायचा, कडेनं बाहेर आलेला मसाला खरवडायचा, मग निळा दिवा. दिवा पेटला की मॅडम नारिंगी काचेआडून बघतात. उंच चढलेल्या सुळ्यापाशी त्या बराच वेळ घेतात. सर येतात, न बोलता टॉर्चनं बघतात आणि एकच ब्रॅकेट अर्धा मिलिमीटर खाली घ्यायला सांगतात. मॅडम तो काढून पुन्हा सगळं करतात. त्यांचं कपाळ घामेजलेलं आहे. त्यांची ही चिकाटी मला फार आवडते.

शेवटी तार. केसाहून जाड, सुईहून बारीक. मॅडम ती सुळ्यापाशी पार वर वाकवून खाचेत बसवतात आणि बारीक रबरानं बांधतात. ही निकेल आणि टायटॅनियमची. 1960च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत या मिश्रधातूचा शोध लागला आणि 1970च्या दशकात तो दातांच्या कामी आला. कितीही वाकवा, तो आपल्या मूळ आकाराकडे परत जायला बघतो. आता तोंडाच्या उबेत, रात्रंदिवस, ही तार सरळ व्हायचा प्रयत्न करत राहील आणि सोबत सुळ्याला खाली ओढेल.

‘‘हाडातून दात सरकतो कसा पण?’’ जुई चौकट निघताच विचारते. स, श नीट उमटत नाहीत.

मॅडमना प्रश्न आवडतो. दात हाडात चिणलेला नसतो, त्या सांगतात. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरभर जागा असते, त्यात तंतू असतात, दात त्या तंतूंवर तोललेला. तारेनं एका बाजूला दाब आला की त्या बाजूच्या हाडाला पेशी खाऊन टाकतात. मागे राहिलेल्या जागेत दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. त्यापेक्षा घाई केली तर मुळं झिजतात. मोठ्या माणसाचा जबडा वाढत नसतो, म्हणून लहान मुलांसारखी वाढीची मदत मिळत नाही आणि दात हलायला लागायलाही थोडा वेळ जातो.

‘‘मग वयाची मर्यादा किती?’’ मी विचारते.

‘‘वयाचं तितकं नाही हो काकू. हिरड्या आणि हाड चांगलं पाहिजे. आमच्याकडे चाळिशीचेही येतात.’’

रबराचा रंग विचारतात. जुईला पारदर्शक हवी असतात. ‘‘हळदीनं दोन दिवसांत पिवळी होतील. राखाडी घ्या,’’ मॅडम म्हणतात. राखाडी लागतात. गालाला तार टोचली तर लावायला मेणाची कांडी, दातांच्या मध्ये फिरवायला छोटा ब्रश, दुखलं तर पॅरासिटमॉल. आज रात्रीपासून दोन-तीन दिवस चावताना ठणका लागेल, मग ओसरेल. वर्ष-दीड वर्ष सहज जाईल, कदाचित जास्त. तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर, आणि तो चुकवायचा नाही, कारण तंतूंना जुनी जागा आठवते. हे शेवटचं वाक्य त्या दोनदा सांगतात.

सीएसएमटीला डोंबिवलीची गाडी लागलेली आहे. बायकांच्या डब्यात खिडकी मिळते. मशीद बंदर यायच्या आत बार्शीहून व्हिडिओ कॉल.

‘‘बघू गं, तोंड उघड,’’ आई म्हणते.

जुई फोन जवळ धरते आणि सगळे दात दाखवते. समोरच्या बाकावरच्या दोघी वळून बघतात. ती बघू देते.

‘‘अगं बाई, केवढं ते लोखंड! भाकरी कशी खायची आता?’’

‘‘कडक भाकरी बंद, आजी. शेंगा, चटणी, ऊस, सगळं बंद. मऊ खायचं.’’

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येत नाही, मग डबे उघडल्याचा आवाज. ‘‘बंद कशाला? आमटीत कुस्कर, दहा मिनिटं मुरू दे, लोण्यासारखी होती. तशीच खाल्ली आम्ही दात पडल्यावर. आणि चटणी पाठवते, पण दाणे एकदम बारीक कुटून. अडकणार न्हाई. तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंना विचारून ठेव, तिखट चालतंय का.’’