पुराबरोबर वर चढणारी घरं

नेदरलँड्समध्ये मास नदीकाठी मासबॉमेल नावाचं गाव आहे. तिथली काही घरं एरवी जमिनीवर टेकलेली असतात आणि पूर आला की चक्क तरंगतात! पाया म्हणजे काँक्रीटची पोकळ पेटी, आत पाणी न शिरणारी. पाणी चढलं की तीच अख्खं घर उचलते. बाजूच्या पोलादी खांबांना धरून घर सरळ वर सरकतं, वाहून जात नाही. तेही सुमारे साडेपाच मीटरपर्यंत! वीज, पाणी, सांडपाणी यांच्या जोडण्या लवचीक असल्यानं तुटत नाहीत. मला तर हीच करामत सगळ्यात भारी वाटते. २०११ च्या पुरात ही घरं खरोखर तरंगली. अर्थात हा उपाय संथ चढणाऱ्या पाण्यासाठी, डोंगरातून धडकणाऱ्या लोंढ्यासाठी नाही.