ओल्या हातातून मूठ का निसटते?

गळाला मासा लागतो, काठीला हिसका बसतो आणि नेमकी तेव्हाच ओल्या हातातून तिची मूठ निसटते. असे का होते? गुळगुळीत मूठ आणि तळहात यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, त्यामुळे घर्षण कमी होते. मुठीवर दोरी घट्ट गुंडाळली, की वेढ्यांमधल्या खाचांत पाणी सरकते आणि उंचवटे त्वचेत रुततात. बुचाच्या मुठीचे काम निराळे. रॉबर्ट हूकने १६६५ साली वर्णन केलेल्या बुचाच्या पोकळ पेशी दाबल्या जातात आणि मूठ हाताला घट्ट बसते.

करून पाहा : प्लॅस्टिकच्या दोन सारख्या नळ्या घ्या. एकीवर सुतळी गुंडाळा. साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या हातांत त्या धरून मित्राला ओढायला सांगा. कोणती आधी सुटते?