पुदिन्याचें तेल आणि आंतड्यांची गति

पोट फुगलें म्हणजे पुदिन्याचा अर्क द्यावा, हें घरोघर ठाऊक असतें. अर्क वायूला बाहेर ढकलतो, अशी समजूत आहे. वस्तुस्थिति मात्र निराळी आहे.

आंतड्याच्या भिंतींत स्नायूंचे दोन थर असतात, एक वर्तुळाकार व एक उभा. त्यांचें आकुंचन लाटेप्रमाणें सरकतें व अन्न पुढें नेतें. स्नायूच्या पेशींत कॅल्शियम शिरलें म्हणजे आकुंचन घडतें. तें अवाजवी झालें कीं पेटका येतो, वायु कोंडतो आणि कळा सुटतात. पुदिन्याच्या तेलांतील मेंथॉल या कॅल्शियमची वाट अडवितें. स्नायु सैल पडतो आणि कोंडलेल्या वायूस आपोआप मार्ग मिळतो. १९८२ सालीं ब्रिटनमधील डॉक्टरांनीं दुर्बिणीच्या नळीवाटे हें तेल मोठ्या आंतड्यांत सोडलें, तेव्हां पेटका शिथिल झालेला त्यांना दिसला.

परंतु ज्या गुणामुळें उपकार होतो, त्याच गुणामुळें अपायहि होतो. अन्ननलिका व जठर यांच्या सांध्यावरील स्नायूंचें कडें आम्लाला वर येऊं देत नाहीं. तेल जठरांतच सुटलें तर हें कडेंहि सैल होतें आणि छातींत जळजळ सुरू होते. यास्तव या तेलाच्या औषधी कॅप्सूलवर जठरांत न विरघळणारें वेष्टन चढवितात; ती चावून खाऊं नये. शुद्ध तेल तान्ह्या मुलास देऊं नये, त्याच्या नाकाजवळहि लावूं नये. मेंथॉलनें त्याचा श्वास अडखळण्याचें भय असतें.

कळ थांबत नसेल, ताप असेल किंवा शौचावाटे रक्त जात असेल, तर डॉक्टरांकडेच जावें. स्नायु सैल झाला म्हणजे दुखण्याचें मूळ गेलें, असें नव्हे.