समोरचा गडी हवा

१२ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेत पन्नास डॉलरचा एक गेम विक्रीला आला. त्यात नवीन काहीही नव्हतं. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ ते २००० या काळात मार्व्हलची पात्रं घेऊन काढलेले सात आर्केड गेम एकत्र बांधून दिले होते, एवढंच. त्यातले सहा समोरासमोरच्या मारामारीचे, आणि सातवा ‘द पनिशर’, गल्लीबोळातून गुंडांना बदडत पुढे जाण्याचा. संग्रहाचं नाव मात्र भलंमोठं: ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन: आर्केड क्लासिक्स’.

खेळाडूंनी त्यावर उड्या टाकल्या आणि लगोलग तक्रारींची यादीही लावली. बटण दाबल्यापासून पडद्यावरचा हात हलेपर्यंत किती उशीर होतो? सातही गेमना मिळून सेव्ह करायला एकच जागा का? प्लेस्टेशनवाल्याला पीसीवाल्याशी का खेळता येत नाही? एक्सबॉक्सवाल्यांनी काय घोडं मारलंय, त्यांना हा संग्रहच का नाही? ज्याने हे गेम कधी खेळले नाहीत त्याला वाटेल, पंचवीस-तीस वर्षांचं जुनं खेळणं परत मिळालंय, मग ही कुरकुर कसली? पण या मंडळींच्या कुरकुरीला मी फार मान देतो. अशाच एका कुरकुरीने व्हिडिओ गेमच्या धंद्याची रीत बदलली आहे.

ती कुरकुर समजायची तर आधी अमेरिकी आर्केडमधली शिस्त समजून घ्यावी लागते. १९९१मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ आला. एक मशीन, दोन जॉयस्टिक, प्रत्येकासमोर सहा बटणं: तीन ठोशांची, तीन लाथांची. खेळणारे दोघं खांद्याला खांदा लावून उभे. पडद्याखालच्या काचेच्या कडेवर पाव डॉलरची नाणी ओळीने मांडलेली असत. नाणं ठेवलं की तुमचा नंबर लागला. नाव सांगायचं नाही, रांगेतही उभं राहायचं नाही. आपलं नाणं कुठलं ते ज्याचं त्याने लक्षात ठेवायचं. जिंकेल तो मशीनवर राहणार, हरेल तो बाजूला होणार आणि पुढचं नाणं आत जाणार. म्हणजे हरणाऱ्याचा खिसा रिकामा होई आणि जिंकणारा एकाच नाण्यावर तासन्‌तास खेळे. यापेक्षा कडक मास्तर कुठला असणार?

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या मॉट स्ट्रीटवर ‘चायनाटाउन फेअर’ नावाचं अरुंद आर्केड होतं. कॅलिफोर्नियात सनीव्हेल गावात मिनी-गोल्फच्या मैदानाला लागून आर्केड होतं, ‘गोल्फलँड’. याच सनीव्हेलला १९९६मध्ये काही पोरांनी ‘बॅटल बाय द बे’ नावाची स्पर्धा भरवली. तीच पुढे ‘एव्होल्यूशन’ झाली, म्हणजे एव्हो. आज या खेळातली सगळ्यात मानाची स्पर्धा ती.

२००४च्या एव्होमधल्या एका सामन्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ठिकाण कॅलिफोर्नियातल्या पोमोनाचं विद्यापीठ, गेम ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’. एकीकडे चायनाटाउन फेअरमध्ये तयार झालेला जस्टिन वाँग, चुन-ली घेऊन. दुसरीकडे जपानचा दाइगो उमेहारा, केन घेऊन. दाइगोची ताकद दाखवणारी पट्टी जवळजवळ संपलेली. आता नुसता बचाव केला तरी अडवलेल्या वाराच्या किंचित माराने तो मरणार. वाँगने चुन-लीची पंधरा लाथांची जबरदस्त चाल सोडली. वाचायचा मार्ग एकच होता: प्रत्येक लाथ लागण्याच्या नेमक्या क्षणी जॉयस्टिक पुढे, शत्रूच्या दिशेने ढकलायची. जराशी चूक झाली की खेळ खलास. दाइगोने पंधराच्या पंधरा लाथा अशा झेलल्या, शेवटची तर हवेत उडी मारून, आणि उलट वार करून तो डाव जिंकला. गर्दीने छप्पर डोक्यावर घेतलं. स्पर्धा मात्र त्याने जिंकली नाही. अंतिम सामन्यात तो हरला. हे कुणाच्या फारसं लक्षात राहिलेलं नाही.

या गेममध्ये चित्र सेकंदाला सुमारे साठ वेळा बदलतं. एक चित्र म्हणजे एक फ्रेम, सोळा-सतरा मिलिसेकंदांची. दाइगोने जे केलं ते या मापात केलं. आता जुना गेम नव्या टीव्हीवर तीन-चार फ्रेम उशिरा चालू लागला, तर चित्र तेच, आवाज तोच, पण ज्या हातांनी वर्षानुवर्षं तो ताल अंगात मुरवला त्यांना तो परका वाटतो. संग्रह विकत घेतल्यावर खेळाडू पहिल्यांदा हेच पाहतात. गायकाला तंबोरा किंचित उतरलेला कळतो तसं त्यांना ते कळतं, आणि त्यांचं म्हणणं मोजमाप केल्यावर बहुतेक वेळा खरंही निघतं.

आर्केडं ओस पडली तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. घरोघरी कन्सोल आले, गेम घरात आला. पण शेजारी उभा राहणारा गडी कुठून आणायचा? इंटरनेटवरून आणू, असं ठरलं. इथे अमेरिकेचा आकार आडवा आला. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस सरळ रेषेत जवळजवळ चार हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे एका बाजूचा ठोसा दुसऱ्या बाजूला कळायला कमीत कमी वीस मिलिसेकंद, एका फ्रेमहून जास्त. प्रत्यक्षात तारा वळणावळणाने जातात, मध्ये यंत्रं बसलेली असतात, त्यामुळे उशीर वाढतो. जुन्या पद्धतीत गेम समोरच्याचं बटण पोहोचेपर्यंत थांबून राही, आणि दोघांनाही चिखलात चालल्यासारखं वाटे.

२००६मध्ये एक्सबॉक्स ३६०वर ‘स्ट्रीट फायटर २: हायपर फायटिंग’ पुन्हा विक्रीला आला, इंटरनेटवर खेळण्याच्या सोयीसह. या गेमच्या जन्मामागेही अमेरिकी खेळाडूच होते. १९९२च्या सुमारास आर्केडमध्ये ‘रेनबो एडिशन’ नावाची चोरटी आवृत्ती पसरली होती. सुसाट वेग, हवेतून जादूचे गोळे, एक बटण दाबलं की पात्रच बदलणार. (आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्येही असले चमत्कारिक अवतार सर्रास दिसत. तोच खरा गेम, अशीच पुष्कळांची समजूत होती.) लोकांना वेग आवडतोय हे कॅपकॉमच्या अमेरिकी शाखेतल्या जेम्स गॉडर्डने हेरलं, जपानच्या मंडळींकडे लकडा लावला, आणि त्यातून अधिकृत वेगवान आवृत्ती निघाली: हायपर फायटिंग.

तर २००६ची ही पुनरावृत्ती इंटरनेटवर रखडत चालली आणि खेळाडू वैतागले. त्यांत टोनी कॅनन होता. एव्हो उभी करणाऱ्या जुळ्या भावांपैकी एक, पेशाने प्रोग्रॅमर. त्याने शिव्या देऊन विषय सोडला नाही, घरी बसून उपाय लिहिला आणि त्याला नाव दिलं जीजीपीओ. आज ज्याला सगळे ‘रोलबॅक’ म्हणतात ती ही पद्धत. यात गेम थांबत नाही. समोरचा आत्ता काय करत असेल याचा तो अंदाज बांधतो आणि खेळ पुढे रेटतो. बहुतेक वेळा माणूस मागच्या फ्रेममध्ये जे करत होता तेच या फ्रेममध्येही करत असतो, म्हणून अंदाज सहसा बरोबर येतो. चुकला, तर गेम गुपचूप काही फ्रेम मागे जातो, खरं बटण लावून हिशेब नव्याने करतो आणि चालू क्षणाला येऊन मिळतो. पडद्यावर फार तर एखादा हिसका दिसतो. आपल्या हाताला आपला ताल मात्र जसाच्या तसा मिळतो.

कंपन्यांना हे पटायला बराच काळ गेला. जपान हा दाटीवाटीचा देश, तिथलं इंटरनेट उत्तम. अमेरिकेच्या दोन टोकांचं दुखणं तिथल्या कंपन्यांना जाणवतच नव्हतं. २०१९मध्ये कॅननने जीजीपीओ सर्वांना मोफत खुलं केलं. आता लढाईचा गेम रोलबॅकशिवाय निघाला तर खेळाडू त्याला दारात उभा करत नाहीत. २०१८च्या ‘स्ट्रीट फायटर थर्टिएथ अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’मध्ये बारा गेम होते, पण इंटरनेटवर खेळता येत होते फक्त चार. त्या चारांवरच सगळी चर्चा झाली, उरलेले आठ असून नसल्यासारखे.

मार्व्हलच्या संग्रहाचं कौतुक का झालं तेही सांगायला हवं, नाहीतर या मंडळींना नुसती नावं ठेवता येतात असा समज व्हायचा. यातले पाच गेम कॅपकॉमच्या सीपीएस-२ या बोर्डावरचे. नक्कल होऊ नये म्हणून कंपनीने गेम कुलूपबंद केला होता आणि कुलपाची किल्ली बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीत ठेवली होती. बॅटरी उतरली की किल्ली पुसली जायची आणि धडधाकट बोर्ड मुका व्हायचा. खेळाडू तिला ‘सुसाइड बॅटरी’ म्हणतात. विकणाऱ्यानेच मालाच्या पोटात असा मृत्यू ठेवावा, हे मला आजही अजब वाटतं.

यंत्राचं मरण असं, आणि कागदाचं मरण वेगळं. ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’ हा छप्पन्न पात्रांचा, तीन-तीन जणांच्या टोळ्यांचा, कानात जॅझ वाजवणारा धुमाकूळ २००९मध्ये कन्सोलवर डिजिटल स्वरूपात पुन्हा मिळू लागला होता. मार्व्हलशी असलेला करार सरला आणि डिसेंबर २०१३मध्ये तो दुकानांतून काढून टाकला गेला. मग वापरलेल्या जुन्या डिस्कना भाव आला. २०२१मध्ये मॅक्सिमिलियन डूड या नावाने गेम खेळून दाखवणाऱ्या लोकप्रिय खेळाडूने ‘फ्री एमव्हीसी२’ अशी हाक दिली, आणि हजारोंनी ती उचलली. २०२४चा संग्रह या पार्श्वभूमीवर आला. त्यात रोलबॅक होतं, सरावाची सोय होती, कुठला ठोसा नेमका किती जागेत लागतो ते चौकटी काढून दाखवणारी सोय होती, जुनी चित्रं होती, संगीत होतं. एक्सबॉक्सवाल्यांचं गाऱ्हाणं २०२५मध्ये मिटलं. त्याच वर्षी लास वेगासच्या एव्होमध्ये ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’ हा पंचवीस वर्षांचा गेम पुन्हा मुख्य स्पर्धांत मांडला गेला. एकच सेव्ह देण्याचं समर्थन मात्र मला कुठेच सापडलेलं नाही.

खेळाडूंमध्ये आपसात एका बाबतीत जोरदार मतभेद आहेत: जुन्या चुका दुरुस्त कराव्यात की जपाव्यात? सलग ठोशांची माळ, म्हणजे ‘कॉम्बो’, ही या खेळाची जान. पण ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये ती मुळात ठरवून ठेवलेली नव्हती. काम चालू असताना ती आपोआप घडतेय असं दिसलं, निर्मात्यांनी राहू दिली. ‘कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २’मध्ये लोळण घेताना मध्येच चाल सोडली तर काही क्षण मार लागत नाही, अशी एक फट होती. पट्टीच्या खेळाडूंनी त्या फटीवर अख्खं शास्त्र उभारलं. २०२५च्या ‘कॅपकॉम फायटिंग कलेक्शन २’मध्ये ही फट चालू-बंद करायचं बटणच दिलंय. इतका शहाणा तोडगा क्वचित निघतो.

३० ऑक्टोबर २०२५ला दुसऱ्या घराण्याचा संग्रह आला: ‘मॉर्टल कॉम्बॅट: लेगसी कलेक्शन’. हा अस्सल शिकागोचा माल. १९९२मध्ये मिडवे कंपनीत एड बून, जॉन टोबायस, डॅन फोर्डन आणि जॉन व्होगल या चौघांनी तो घडवला. खऱ्या माणसांचं चित्रीकरण करून त्यांना पडद्यावर उतरवलं, आणि रक्त इतकं सांडलं की ९ डिसेंबर १९९३ला अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली. गेमच्या खोक्यावर आज वयाचा जो शिक्का दिसतो तो देणारी संस्था त्यातूनच १९९४मध्ये निघाली. हा संग्रह बांधणाऱ्या डिजिटल इक्लिप्स कंपनीने त्यात सुपर निन्टेन्डोची ती सोवळी आवृत्तीही घेतली आहे, जिच्यात रक्ताऐवजी करडा घाम उडतो. सोबत मुलाखती, जुनी चित्रफीत, कच्ची रेखाटनं. हा इतिहास पाहून जवळजवळ सगळेच भारावले. मग इंटरनेटवर खेळायला बसले आणि भडकले: मित्राला बोलावून घ्यायला खोली नाही, यंत्र शोधून देईल त्याच्याशी खेळायचं. संग्रहालय देखणं, पण अंगणात गडी नाही. कंपनीला दुरुस्त्या काढायला बसावं लागलं.

यावर काही जण म्हणतात, निदान मिळतंय हे काय कमी आहे? त्यातही तथ्य आहे. ओकलंडच्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३मध्ये केलेल्या पाहणीत, २०१०च्या आधी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात मिळत नव्हते असं दिसलं. आपल्याकडे ज्याला सगळे नुसतं ‘मुस्तफा’ म्हणून ओळखतात तो गेमही त्यांतलाच. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, कॅपकॉमचाच, १९९३चा. पण त्यातली पात्रं मार्क शुल्ट्झच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकची, आणि कॅडिलॅक हे नाव जनरल मोटर्सचं. तीन मालकांच्या सह्या एका कागदावर आल्याशिवाय गाडी हलणार नाही. कॅपकॉमने २०१८मध्ये गुंडांना बदडत पुढे जाण्याच्या असल्या गेमचा सात नगांचा गठ्ठा काढला, त्यातही तो नव्हता. मार्व्हलसाठी अमेरिकी खेळाडूंनी गळा काढला. मुस्तफासाठी तो काढायचा तर नागपूर, नाशिक, कोल्हापूरच्या लोकांनाच काढावा लागेल, कारण अमेरिकेत त्याची आठवण ठेवणारे फार नाहीत.