सुटी संपली, पण डोळे उघडेनात!

मुलांनो, एक प्रश्न विचारतो. खरं खरं उत्तर द्यायचं हं!

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री तुम्ही काय करता? वह्यांना कव्हरं घालता, दप्तर भरता, नव्या छत्रीवर नाव घालून घेता आणि 'उद्या मी साडेपाचला उठणार!' असं घरभर सांगून साडेनऊलाच अंथरुणावर पडता. मग? दहा वाजतात, साडेदहा वाजतात, डोळ्याला डोळा म्हणून लागत नाही. सकाळी गजर वाजतो तेव्हा मात्र तेच डोळे उघडत नाहीत. आई हाक मारते, आजी हाक मारते, शेवटी बाबा पांघरूण ओढतात. पहिल्या तासाला जांभया आणि शेवटच्या तासाला बाकावर डोकं! घरी आल्यावर वर ऐकायला मिळतं, "महिनाभर लोळून आळशी झालायस नुसता!"

आज मी तुमच्या बाजूनं बोलणार आहे. पण अर्धाच वेळ, बरं का! उरलेल्या वेळात तुमच्याकडून थोडं काम करून घेणार आहे.

लाजाळूचं गुपित

लाजाळूची पानं दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात, हे तुम्ही पाहिलं असेल. १७२९ साली द मेरान नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं लाजाळूसारखं एक रोप अंधारात ठेवून दिलं. ऊन नाही, उजेड नाही. तरी दिवस झाला की त्याची पानं उघडत आणि रात्र झाली की मिटत! म्हणजे वेळ सांगणारं काहीतरी त्या रोपाच्या आतच होतं.

आणि माणसाच्या? १९६२ साली मिशेल सिफ्र हा तेवीस वर्षांचा फ्रेंच तरुण आल्प्स पर्वतातल्या एका बर्फाळ गुहेत जाऊन राहिला. सोबत घड्याळ नाही, कॅलेंडर नाही. झोप आली की झोपायचं आणि जाग आली की वरच्या मित्रांना फोननं कळवायचं. मित्रांनी मात्र त्याला वेळ सांगायची नाही, असं ठरलं होतं. १४ सप्टेंबरला मित्र त्याला बाहेर काढायला आले, तेव्हा त्याच्या हिशेबानं अजून २० ऑगस्टच उजाडला होता! दिवसांचा हिशेब असा पार चुकला; पण त्याचं झोपणं-उठणं पाहिलं तर साधारण साडेचोवीस तासांचं चक्र जवळजवळ नेमानं चालू होतं.

हे आतलं घड्याळ आपल्या मेंदूत असतं. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर. पेशीच्या आत ते कसं चालतं, हे फळमाश्यांवर प्रयोग करून शोधणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

या घड्याळाची एक खोड आहे. बहुतेक माणसांमध्ये ते चोवीस तासांपेक्षा जरासं मागे पडतं. रोज सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला की ते पुन्हा जुळतं. आता मे महिना आठवा. रात्री गच्चीवर गप्पा, पत्ते, नाहीतर मोबाईल. सकाळी खिडक्यांचे पडदे ओढून नऊपर्यंत झोप. सकाळचा उजेडच मिळाला नाही, तर घड्याळ जुळणार कसं? ते रोज थोडं थोडं मागे सरकतं. मागे सरकणं सोपं असतं, पुढे आणणं कठीण. म्हणून 'आज लवकर झोपतो' म्हटल्यानं झोप येत नाही.

आईबाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. तेरा-चौदा वर्षांच्या सुमाराला हे घड्याळ आपोआपच आणखी उशिरावर जातं. या वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. तेव्हा 'आळशी' हा शिक्का मारण्याआधी रात्री दिवे कधी मालवले जातात, ते बघा.

अंतराळातून परत आल्यावर

घड्याळाचं झालं. पण अंगाचीही सवय मोडते, त्याचं काय?

सुनीता विल्यम्स ५ जून २०२४ रोजी साधारण आठ दिवसांसाठी म्हणून अंतराळ स्थानकाकडे निघाली. यानात बिघाड झाला आणि आठ दिवसांचे झाले २८६! भारतात १९ मार्च २०२५ ची पहाट उजाडायच्या आत ती पृथ्वीवर उतरली. स्थानकात अंगाला वजन जाणवत नाही. पायांवर उभं राहावं लागत नाही, म्हणून पोटऱ्या आणि पाठीचे स्नायू दुबळे होतात, हाडं झिजतात. तोल सांभाळणारा कानातला भागही गोंधळतो. म्हणून तिथे रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. आणि एवढं करूनही परतलेल्या अंतराळवीरांना पुन्हा मूळपदावर यायला नासा ४५ दिवसांचा कार्यक्रम आखून देते. रोज दोन तास. आधी नीट चालणं, तोल, मग ताकद, असं पायरीपायरीनं.

अंतराळवीरांना 'उतरलात ना, चला कामाला लागा!' असं कुणी म्हणत नाही. मग आपण एकमेकांना का म्हणतो?

आईची गोष्ट

ही माझ्याच घरातली गोष्ट आहे. मी तेव्हा आठवीत होतो. माझी आई एका ऑफिसात टायपिस्ट होती. पावसाळ्यात जिन्यावरून पाय घसरला, हाड मोडलं आणि ती तीन महिने घरी राहिली. प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि ती कामावर रुजू झाली. आम्हां भावंडांना वाटलं, झालं सगळं पहिल्यासारखं!

त्या संध्याकाळी ती आली तशी मी म्हणालो, "आई, आज भजी कर ना!" ती काहीच बोलली नाही. तांदूळ निवडायला बसली आणि ताट मांडीवर तसंच ठेवून बसल्या बसल्या झोपली. बाबांनी अलगद ताट उचललं. रात्री ती त्यांना हळूच म्हणाली, "माझी बोटंच चालेनात हो. वीस वर्षं केलेलं काम विसरले की काय मी?" अंधारात मी ते ऐकलं. मला भज्यांची इतकी लाज वाटली!

दुसऱ्या दिवसापासून डबे बाबांनी भरले, तांदूळ मी निवडले. ऑफिसातल्या साहेबांनीही आठवडाभर तिला लहान लहान पत्रंच दिली. पंधरा दिवस गेले. एका संध्याकाळी आई हसतच घरात आली. "आज एकही चूक नाही!"

आई काम विसरली नव्हतीच. एकदा शिकलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानं १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. सुटीनंतर पाढे अडखळले, अक्षर बिघडलं, तरी घाबरू नका. ते पुसलं गेलेलं नसतं. थोडे दिवस द्यायचे असतात, इतकंच.

आता तुमचं काम!

१. शाळा सुरू व्हायच्या दहा दिवस आधीपासून रोज पंधरा मिनिटं लवकर उठा. आधी उठणं बदला; झोप मागून आपोआप लवकर येईल.

२. उठल्याबरोबर अंगणात, गच्चीत, निदान खिडकीशी या. झाडांना पाणी घाला, दूध आणा. उजेड डोळ्यांत शिरू द्या.

३. झोपण्याआधी तासभर टीव्ही आणि मोबाईल बंद. त्यांचा उजेड आतल्या घड्याळाला 'अजून दिवसच आहे' असं सांगतो.

४. जेवणाच्या वेळा शाळेसारख्या करा. रोज एक पान शुद्धलेखन आणि एकच पाढा पुरे.

५. पहिल्या रविवारी नऊपर्यंत लोळू नका. नाहीतर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

आणि सहावं काम सगळ्यांत महत्त्वाचं. तुमच्या वर्गात कुणीतरी टायफॉईडनं, कावीळीनं किंवा हात मोडल्यामुळे खूप दिवसांनी परत येईल. घरात कुणी आजारपणानंतर, बाळंतपणानंतर पुन्हा कामावर जाऊ लागेल. त्यांना 'इतका आराम केलास, तरी थकतोस?' असं विचारू नका. आपली वही पुढे करा. नाहीतर तांदळाचं ताट आपल्याकडे ओढा.

त्यांचं घड्याळ जुळतंय, एवढं लक्षात ठेवा!