गंगाबलचे मासे आणि गालिचेवाला

शालींच्या खरेदीसाठी श्रीनगरला जाणारे आपले व्यापारी बंधू बहुधा दल सरोवर पाहून परततात. माल तयार व्हायला तीन-चार दिवस लागणार असतील, तर त्यांनी हरमुख पर्वताच्या पायथ्याचे गंगाबल सरोवर पाहावे. गांदरबल जिल्ह्यातील नारानागपर्यंत मोटार जाते. पुढे सुमारे १५ किलोमीटरची पायवाट आहे. सुरुवातीला जंगलातून खडा चढ, मग मोकळी कुरणे. सरोवर साडेतीन हजार मीटरहून उंचावर असल्याने दम लागतो. घाई करू नये.

या थंड पाण्यात ट्राऊट मासा मिळतो. तो मूळचा काश्मीरचा नव्हे. १८९९ मध्ये विलायतेहून मागवलेली अंडी वाटेतच खराब झाली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून पुन्हा अंडी आणली. त्यांतील काही पिल्ले श्रीनगरात मिचेल नावाच्या गालिचे कारखानदाराकडे वाढली. पहिला माल बुडाला म्हणून व्यवहार सोडला असता, तर आज गळाला काही लागले नसते.

मासेमारीसाठी मत्स्यखात्याचा परवाना श्रीनगरातच काढावा. किती व केवढे मासे धरायचे हे नियमाने ठरलेले असते. ओळखपत्र जवळ ठेवावे आणि वाट खुली आहे का, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. घोडेवाल्याशी भाडे, दिवस आणि ओझे आधी ठरवावे. घासाघीस गावात करावी, डोंगरात नव्हे. तिथे आपला जीव त्याच्याच भरवशावर असतो.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. आयुष्यभर कापड विकूनही आम्ही सुती कपड्यांत वर गेलो. दुपारी पाऊस आला आणि अंगाचे लाकूड झाले. घोडेवाल्याने आपला लोकरीचा फेरन आमच्या अंगावर घातला, तेव्हा कापरे थांबले. सूत पाणी धरून ठेवते व भिजले की ऊब देत नाही. लोकरीच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकून राहते, म्हणून ती ओलसर असली तरी थोडी ऊब टिकवते. गिऱ्हाइकाला हे आम्ही रोज सांगत होतो. स्वतःला सांगायचे राहून गेले.

काश्मिरी पंडित या सरोवराला पवित्र मानतात आणि यात्रेला येतात. तेव्हा काठावर कचरा टाकू नये. परवान्यापेक्षा एकही मासा जास्त धरू नये, आणि उतरल्यावर घोडेवाल्याचा हिशेब घाम सुकण्याआधी चुकता करावा.