टायर रंगवण्याआधी

५ जूनचा पर्यावरण दिन होऊन गेला. फुलापानांनी रंगवलेले टायर, बाटल्यांच्या भिंतीत लावलेली रोपं आणि शेजारी झारी धरून उभे मान्यवर, हे फोटो वाचकांनी यंदाही पाहिले असतीलच. आता ११ जूनला आंतरराष्ट्रीय खेळ दिवस. संयुक्त राष्ट्रांनी तो २०२४ पासूनच सुरू केला, त्यामुळे आपल्या चौकांत अजून त्याचे फ्लेक्स दिसत नाहीत. पर्यावरण आणि खेळ हे दोन्ही दिवस आठवड्याभरात आल्यावर ‘टाकाऊपासून टिकाऊ’ बालोद्यानाची कल्पना न सुचली तरच नवल. एका उद्घाटनात दोन दिवस साजरे होतात आणि स्वच्छ सर्वेक्षणासाठी फोटोही मिळतात.

बागेला माझा विरोध नाही. फक्त टायर रंगवून झाल्यावर नागरिकांना ‘सूचना कळवा’ म्हणायचं, हा क्रम उलटा आहे.

आणि एक भेद सुरुवातीलाच करायला हवा. दिल्लीत सराय काले खाँजवळ २०१९ मध्ये ‘वेस्ट टू वंडर’ पार्क उभं राहिलं. सुमारे दीडशे टन भंगारातून जगातली सात आश्चर्यं. कारागिरी खरोखर अव्वल आहे. पण तिथला आयफेल टॉवर तिकीट काढून पाहायचा असतो, त्यावर चढायचं नसतं. भंगाराचा पुतळा निराळा आणि भंगाराचं खेळणं निराळं. आपल्याकडे बालोद्यानाच्या नावाखाली पुष्कळदा पहिलंच बनतं, कारण ते लांबून चांगलं दिसतं.

दुसऱ्या प्रकारातलं आपल्या देशातलं ठळक उदाहरण म्हणजे बेंगळुरूची ‘अँटहिल क्रिएशन्स’. पूजा राय खरगपूरच्या आयआयटीत वास्तुरचना शिकत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. जवळच्या अनाथाश्रमात त्यांना मुलं चपलांची रॅकेट करून बॅडमिंटन खेळताना दिसली, काही फुटक्या पाइपाशी खेळत होती. तयार खेळण्यांच्या किमती विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेर होत्या, म्हणून टायर आले. पुढे त्यातून संस्था झाली आणि देशभर अशा शेकडो जागा तयार झाल्या. काम सुरू करण्याआधी ही मंडळी मुलांशी बोलतात, काय हवं ते विचारतात, मग टायरचा हत्ती किंवा बस बनते. ती रंगवायला आसपासचे लोक आणि स्वयंसेवक येतात.

आता टायरबद्दल थोडं, कारण भाषणांत हा भाग येत नाही. टायर फुकट मिळतो असा समज आहे. भंगारवाल्याला विचारा, तो हसेल. जुना टायर रिमोल्डला जातो, तेल काढणाऱ्या कारखान्याला जातो, त्याच्या चपला होतात. २०२२ च्या नियमांनी तर टायर बनवणाऱ्या कंपन्यांवरच जुन्या टायरच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली, म्हणजे त्याला कागदोपत्रीही किंमत आली. मिळाला तरी रेडियल टायर कापू नये. आतल्या पोलादी तारा कापलेल्या कडेतून बाहेर येतात आणि मुलांच्या पोटऱ्या ओरबाडतात. तो अख्खाच वापरावा, कापायचा तर नायलॉनचा घ्यावा. प्रत्येक टायरच्या तळाला भोकं पाडायलाच हवीत. एका पावसात साचलेलं वाटीभर पाणी डेंग्यूच्या डासाला पुरतं, आणि उद्घाटन नेमकं पावसाळ्याच्या तोंडावर असतं. विदर्भात मे महिन्यात काळ्या रबरावर मूल बसूच शकत नाही, तेव्हा रंग आणि सावली ही तिथे सजावट नव्हे, गरज आहे.

जुन्या लोखंडी ग्रिल आणि पाइपांची निराळी कथा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० च्या वर नको, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या अखेरीस लागू झाला. त्याआधीच्या ग्रिलवर काय फासलेलं आहे, देव जाणे. ते काढल्याशिवाय त्यावर नवा रंग मारणं म्हणजे शिसं झाकून ठेवणं. थर उडाला की ते पुन्हा मुलांच्या बोटांवर. रबराच्या भुकटीची मऊ जमीनही विचार करून घ्यावी. युरोपीय संघाने अशा दाण्यांतल्या घातक रसायनांवर २०२२ पासून मर्यादा घातली, आणि कृत्रिम मैदानांत पसरण्यासाठी हे सुटे दाणे विकण्यावर २०२३ मध्ये मुदत देऊन बंदी आणली. पडलेल्या मुलासाठी जुनी, साधी वाळू वाईट नाही. फक्त ती मांजरांपासून राखावी लागते.

आणि टायरच का? रॉटरडॅममध्ये आज सुपरयूज स्टुडिओज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तुरचनाकारांनी पवनचक्कीची निवृत्त पाती कापून मुलांसाठी भुलभुलैया केला. फायबरची ही पाती वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत, त्यामुळे ती पुरण्यापेक्षा त्यांत मुलं लपलेली बरी. साताऱ्यात चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर गेलेल्या कुणालाही इथली शक्यता लगेच दिसेल. बाग त्या गावच्या टाकाऊतून व्हावी: साताऱ्यात पाती, इचलकरंजीत मागाचे सुटे भाग, कोकणात फुटलेल्या होड्या.

सगळ्यात मोठा धडा मात्र या कल्पनेच्या जन्मातच आहे. डॅनिश उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांनी बऱ्याच सुंदर बागा आखल्या. त्यांना एक खटकत होतं. मुलं त्यांच्या बागेत खेळण्याऐवजी बांधकामांवर आणि भंगाराच्या ढिगांत रमत. दुसरा कुणी असता तर त्याने कुंपण उंच केलं असतं. सोरेन्सन यांनी १९३१ मध्ये भंगाराचंच क्रीडांगण करावं असं सुचवलं. १९४३ मध्ये, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागातल्या कामगारांच्या वसाहतीत ते प्रत्यक्ष झालं. घसरगुंडी नाही, झोका नाही. लाकडं, विटा, हातोडे, खिळे, माती आणि मुलांसोबत जॉन बर्टेल्सन नावाचा एक माणूस. बर्टेल्सन पूर्वी खलाशी होता, पुढे बालशिक्षक झाला. मुलांना काय बांधायचं ते सांगायचं नाही, मागितलं तर हात द्यायचा, एवढंच त्याचं काम. मुलांनी घरं बांधली, पाडली, पुन्हा बांधली. आपल्या सगळ्या कामांत हे सर्वांत कुरूप आणि तरीही सर्वांत सुंदर, असं सोरेन्सन पुढे म्हणत. १९४६ मध्ये ब्रिटनच्या लेडी अ‍ॅलन ऑफ हर्टवुड यांनी ते पाहिलं आणि लंडनच्या बॉम्ब पडलेल्या जागा अशाच मुलांना द्या, म्हणून लेखणी उचलली.

सोरेन्सन यांनी लोकांचं मत घेतलं ते सभा भरवून नव्हे. मुलं आधीच कुठे खेळतात, हे ते पाहत राहिले. एम्ड्रुपसारख्या सुट्या मालाच्या खेळाला ब्रिटनचे सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये सिद्धांताचं रूप दिलं: परिसरात सुटे, हलवता येणारे तुकडे जितके जास्त, तितकी मुलांची कल्पकता जास्त. पुणेकरांना यात नवीन काही वाटायचं नाही. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबच्या तुकड्यांतून खेळणीकार अरविंद गुप्ता यांनी हेच करून दाखवलं आहे.

लोकांचं मत थेट घ्यायचं तर अ‍ॅमस्टरडॅमची पद्धत पाहा. १९४७ मध्ये आल्डो व्हान आइक या तरुण वास्तुरचनाकाराने तिथे एका चौकात वाळूचा हौद आणि काही साधे दांडे, ठोकळे मांडले. ते पाहून इतर गल्ल्यांतल्या रहिवाशांनी पालिकेला पत्रं लिहिली, आम्हालाही हवं. १९७८ पर्यंत सातशेहून अधिक जागा झाल्या, पुष्कळशा ओसाड पडलेल्या भूखंडांवर. आधी मागणी, मग बाग.

आपल्याकडे सभेला कोण येतं? सोसायटीचे अध्यक्ष, निवृत्त काका, नगरसेवकाचा कार्यकर्ता. मागण्या ठरलेल्या: बाकडी, जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, आणि ‘बाहेरची मुलं नकोत’. त्यातली बाकड्यांची मागणी रास्तच आहे, आजी बसली तर नातवंडं थांबतात. शेवटच्या मागणीला मात्र सभेतच नाही म्हणावं. पलीकडच्या वस्तीतली मुलं ही बाहेरची नव्हेत. बहुधा त्याच मुलांना जागेची गरज सर्वांत जास्त असते.

मुलींना तर वेगळं बसवूनच विचारलं पाहिजे. व्हिएन्नात १९९० च्या दशकात पाहणी झाली तेव्हा दिसलं की नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागांतून नाहीशा होतात. मोकळं मैदान एकच असेल तर ते चेंडूवाले मुलगे व्यापतात. पालिकेने दोन बागांत जागेचे भाग पाडले, वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली आणि मुली परत दिसू लागल्या. आपल्या मैदानांवर क्रिकेटने काय केलं आहे, ते मी वेगळं सांगत नाही.

राहता राहिली देखभाल. दोर कुजतो, बोल्ट सैल होतो, रंग उडतो. टाकाऊ मालाची बाग स्वस्तात उभी राहते, पण तिला विकतच्या घसरगुंडीपेक्षा जास्त हात लागतात. आपली टेंडरं उभारणीची असतात, दर महिन्याला पाना घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या पगाराची नसतात. एम्ड्रुपला बर्टेल्सन होता, म्हणून ते चाललं. हातोडा-खिळ्यांची बाग आपल्याकडे कुठलाही आयुक्त मंजूर करणार नाही, हे मान्य. निदान एक पगारी माणूस तरी मंजूर करावा. आणि टाकाऊ मालाची जाणकार माणसं इथेच आहेत: पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे, २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आहे. कुठला पत्रा धारदार, कुठलं प्लास्टिक उन्हात तडकतं, कुठली वस्तू कुणाच्या दारात आठवड्याला निघते, हे त्या बायकांना कोणत्याही सल्लागारापेक्षा नेमकं ठाऊक असतं. पहिल्या सभेत त्यांच्यासाठी खुर्च्या मांडाव्यात, आणि सल्ल्याचे पैसे द्यावेत.